बारा पिढ्यांची हलगी

माझं वय सहा वर्षं. तरी परदेशातल्या एका वर्तमानपत्रात छापून आलंय, की मी बारा पिढ्यांची आहे. कातडं, कडं आणि दोन काड्या एवढाच माझा जीव. लोक मला हलगी म्हणतात. मी सात देश पाहिले, विमानात बसले, नऊशे माणसं खुर्च्यांवरनं उठवली. हे सगळं खरं. खोटं फक्त वय. पण त्या एका खोट्यापायी एका घराची जी दशा झाली ती मी डोळ्यांनी पाहिली. ज्यांनी ती सांगायची ती माणसं आता गप्प बसलीत, म्हणून मी सांगते.

मिरजेत बाजारामागच्या बोळात यल्लाप्पाचं दुकान आहे. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड. त्यानं शेळीचं कातडं चुन्याच्या पाण्यात भिजवलं, केस खरवडून काढले, ओलं असतानाच माझ्या लोखंडी कड्यावर ताणलं आणि सावलीत वाळत ठेवलं. चार दिवसांनी मला उन्हात धरून एक टिचकी मारली. मी टण्णकन बोलले. तो कानडीत काहीतरी पुटपुटला आणि हसला. माझं बारसं तेवढंच.

दोन महिने मी खिळ्याला टांगून होते. गिऱ्हाइकं यायची ती लेझीम पथकाची नाहीतर कुस्तीच्या मैदानात वाजवणारी. सगळी बाप्ये. मला काढायची, दोन दणके द्यायची, परत टांगायची. एक दिवस खांद्याला कॉलेजची बॅग लावलेली एक मुलगी आली.

"भावाला पायजे?" यल्लाप्पानं विचारलं.

"मलाच."

"पोरी न्हाई वाजवत ही. खांदा भरून येतो. आनि लोक बोलत्यात."

"आधी खांद्याचं बघू," ती म्हणाली.

ती प्रियंका. कडेगावकडच्या एका गावची, कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी मला घेऊन ती मिरजेला यल्लाप्पाकडं शिकायला यायची. पहिला महिना तिचं डावं मनगट सुजलेलं असायचं. हॉस्टेलवर वाजवायची सोय नव्हती, म्हणून सकाळी संगमावर वाळवंटात जाऊन वाजवायची. कुत्री भुंकायची, पोहायला आलेली माणसं पाण्यातनं माना वर काढून बघायची. वाजवताना ती हसायची. मैदानातले वाजवणारे मी पाहिले होते, ते दात आवळून वाजवतात. हसत वाजवणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं.

तिच्या दोन मैत्रिणी होत्या. मलकापूरची सृष्टी, गळा असा की मेसमध्ये गुणगुणली तरी वाढपी पळी धरून उभे राहायचे. आणि क्रांती, फौजीची मुलगी, भरभर बोलणारी, भरभर नाचणारी, गाणी लिहिणारी. गॅदरिंगला तिघींनी मिळून एक गाणं बसवलं. तालमीत मेसच्या रश्शानं क्रांतीला असा ठसका लागला की हसून हसून तिघी लोळल्या. ग्रुपचं नाव तिथंच पडलं, 'ठसका'. प्रियंकानं ते माझ्या कड्यावर तांबड्या रंगानं लिहिलं. पहिलं गाणं होतं एसटीच्या खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरण्यावर. कुणीतरी ते मोबाईलवर चित्रित केलं, आणि महिन्याभरात त्या गाण्यावर पुण्या-मुंबईच्या पोरी लग्नाच्या हळदीत नाचायला लागल्या.

मग धैर्यशील आला. मूळचा कराडचाच, पुण्यात कार्यक्रम ठरवणारी कंपनी काढलेला. बोलणं एकदम गोड. तिघी त्याला दादा म्हणायच्या. त्यानं चार गाणी ध्वनिमुद्रित केली, कपडे शिवले, आणि एक दिवस नकाशा पुढ्यात पसरला. दुबई, सिंगापूर, लंडन, लेस्टर, बर्लिन, रॉटरडॅम, पॅरिस, टोरांटो. सात देश. कडेगाव-कराडच्या पोरींचा जगाचा दौरा.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा प्रियंकानं मला चादरीत गुंडाळून गावी नेलं. तिच्या वडिलांचं, मिलिंदचं, घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. उसाच्या शेतांवरच्या जळालेल्या मोटारी यायच्या, त्यांत तो तांब्याची तार नव्यानं भरून द्यायचा. आजी पारूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. वय ऐंशीच्या वर. तिनं चादरीकडं एकदाच बघितलं.

"सोडू नगंस ती. गोल हाय. मला कळलं काय हाय त्ये."

त्या घरात मला का जागा नव्हती, ते मला त्या दुपारी कळलं.

पारूबाईचे सासरे हरिबा. छप्पन सालापर्यंत गावच्या जत्रेत पालखीपुढं हलगी वाजवायची ती या घरानं. मयताला वाजवायची, कुणी साहेब आला तर वाजवायची, आणि बदल्यात दारोदार फिरून भाकरी गोळा करायची. हरिबानं दीक्षा घेतली, चावडीवर जाऊन सांगितलं की आता वाजवणार नाही, आणि घरी येऊन हलगी चुलीत घातली. पुढच्या जत्रेला पालखी देवळाच्या दारात तीन तास खोळंबली. मग गावानं वस्तीला पिठाची गिरणी बंद केली, दुकान बंद केलं. पारूबाई तेव्हा तेरा वर्षांची नवी सून. आठ महिने दोघी जावांनी घराचं दळण जात्यावर ओढलं. थोरल्या जावेला दिवस गेलेले होते. दळता दळताच तिचं पोट पडलं. पुन्हा तिला मूल झालं नाही.

हे सांगताना पारूबाईचे हात शेंगा फोडायचे थांबले नाहीत.

"तुला ह्येची हौस हाय?" शेवटी तिनं नातीला विचारलं.

"व्हय आज्जी."

"हौसेनं वाजवायची वस्तू हाय ही, ह्येच मला ठावं न्हवतं." तिनं टरफलं बाजूला सारली. "जा. वाजीव. पर कुणाच्या दारात न्हाई, कुणाच्या देवापुढं न्हाई. आनि आमचं नाव त्यात घिऊ नगंस. आमचं झालं त्ये झालं. त्ये आमच्यापाशी ऱ्हाऊ दे."

"न्हाई घेणार," प्रियंका म्हणाली. मी चादरीत होते, पण ऐकलं.

दौऱ्याची सुरुवात झकास झाली. लंडनच्या विमानतळावर एका अधिकाऱ्यानं मला उलटंपालटं करून विचारलं, कातडं कशाचं? क्रांतीनं "बें" करून दाखवलं. त्यानं हसून शिक्का मारला. तिकडच्या थंडीत माझं कातडं ढिलं पडायचं. आपल्याकडं वाजवायच्या आधी मला जाळावर शेकतात. तिथं जाळ कुठला? सृष्टी केस वाळवायच्या यंत्रानं मला शेकायची आणि मग त्याच यंत्रानं स्वतःचे केस. दोघींना एकच ऊब.

लेस्टरला नऊशे माणसं होती. गुजराती, पंजाबी, मराठी, गोरी, काळी. एसटीच्या गाण्याला प्रियंकानं माझ्यावर पहिली थाप मारली, आणि तिसऱ्या कडव्याला सगळं नाट्यगृह उभं होतं. पुढच्या रांगेतल्या एका गोऱ्या म्हाताऱ्यानं गळ्यातला मफलर काढून गरागरा फिरवला. प्रियंका घामानं निथळत होती आणि संगमावर हसायची तशीच हसत होती. मला विचाराल तर माझा जन्म त्या रात्रीपुरता होता. पुढचं सगळं जास्तीचं.

बर्लिनला निम्म्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिथल्या एका समीक्षकानं लिहिलं, तीन गोड मुली, बरं गाणं, पण असं गाणं आमच्याकडंही होतं. धैर्यशील दोन दिवस फोनवर होता. रॉटरडॅमला पोचलो तर नाट्यगृहाच्या दारावर नवं पोस्टर. तिघींचं नव्हतंच ते. एकट्या प्रियंकाचं. एका जुन्या तालमीतला फोटो, त्यात ती अनवाणी होती. कपाळावर मळवट मात्र तिनं कधी भरला नव्हता, तो मागाहून रंगवलेला. छातीशी मी. खाली त्यांच्या भाषेत ओळ होती. सृष्टीनं मोबाईल धरून तिचा अर्थ वाचला. बारा पिढ्या देवाच्या पालखीपुढं.

"दादा, ह्ये काय?" प्रियंकानं विचारलं.

"अगं, इकडच्या लोकांना मुळं लागतात. नुसत्या गाण्याला कोण येतंय?"

"पण खोटं हाय ह्ये."

"खोटं कसं? तुझे पणजोबा वाजवत होते, तूच सांगितलंस ना?"

"वाजवत हुते, पण..."

"मग? मी काय वेगळं लिहिलंय? उगीच फाटे फोडू नकोस, राणी. हा कार्यक्रम पडला तर पॅरिस पडलं, टोरांटो पडलं. त्या दोघींचा तरी विचार कर."

संध्याकाळी कॅमेरा घेऊन एक पत्रकार बाई आली. चांगली होती बिचारी. तिनं मन लावून प्रश्न विचारले, धैर्यशीलनं मन लावून उत्तरं दिली. पणजोबा, खापरपणजोबा, देव, पालखी, अनवाणी पाय, वंशाचा मान. बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं प्रियंकाकडं वळून विचारलं, हे सगळं तुझ्या रक्तात आहे, नाही का?

प्रियंकानं मान हलवली. एकदा हलवली आणि मग, पहिली दिसली नसेल म्हणून की काय, परत एकदा. मी तिच्या मांडीवर होते. ते हलणं माझ्या कातड्यापर्यंत आलं.

त्या रात्री नाट्यगृह भरलं. पॅरिसला दाराबाहेर रांग लागली. पॅरिसच्या कार्यक्रमात तर माझा आवाजच बंद केला होता; थंडीनं दगा नको म्हणून संगणकातली हलगी लावली आणि प्रियंका माझ्यावर नुसत्या काड्या हलवत राहिली. लोक रडले. वर्तमानपत्रांनी माझं वय छापलं. प्रियंका आता पोस्टरातल्यासारखी अनवाणी वाजवायची, कार्यक्रम संपला की मला पिशवीत घालायची आणि पाय धुवायला जायची. बराच वेळ धूत बसायची. लेस्टरनंतर ती वाजवताना हसली नाही.

आम्ही गावी पोचायच्या आधी ती मुलाखत गावी पोचली होती. कुणीतरी खाली मराठी ओळी घालून सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवली होती.

फाट्यापासून उघड्या जीपमधनं मिरवणूक. प्रियंकाच्या गळ्यात हार, पुढं डीजे, ग्रामपंचायतीसमोर वीस फुटी फलक, 'जगात गाजली आपली लेक'. मला कुणी वाजवा म्हणालं नाही, डीजेपुढं मी कुठं ऐकू येणार! स्टेजवर शाल, नारळ, टाळ्या. पारूबाईला दुसऱ्या रांगेत खुर्ची दिली होती. या गावात तिला खुर्ची मिळायची ही पहिलीच वेळ. जत्रा कमिटीचे अध्यक्ष नानासो बोलायला उठले. भला माणूस, निदान दिसायला तरी. आवाजात खरा आनंद होता.

"मंडळी, सत्तर वर्सं आपली पालखी भाड्याच्या बँडवर चालतीय. पूर्वीच्या लोकांचा कायतरी रुसवाफुगवा झाला आसंल, आपुन त्यात जायाचं न्हाई. पर आपल्या ह्या लेकीनं परदेशात सोताच्या तोंडानं कबूल केलं, का ह्यो आमचा बारा पिढ्यांचा मान हाय! तर यंदाच्या जत्रंपास्नं ह्यो मान आपुन तिच्या घराला परत देतूय!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. सगळ्यांचे मोबाईल वर झाले. प्रियंकाच्या मांडीवर नारळ होता, तिनं तो दोन्ही हातांनी घट्ट धरला. दुसऱ्या रांगेतली खुर्ची रिकामी झालेली तिला दिसली. पारूबाई काठी टेकत घराच्या वाटेला लागली होती. रुसवाफुगवा हा शब्द तिनं ऐकला होता.

दुसऱ्या दिवशी नानासो दोघांना घेऊन, पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी आले. मिलिंदनं मोटारी बाजूला सारून बसायला जागा केली.

"नानासो, वाजवंल की ती," मिलिंद हात जोडून म्हणाला. "तुमी स्टेज बांधा. तिघींचा कार्यक्रम ठेवा जत्रंत. फुकट करतील."

"स्टेज कशाला रं? पालखीपुढं चालायचं. अनवाणी. फोटूत हाय की तशीच."

"न्हाई काका," प्रियंका म्हणाली. "पालखीपुढं न्हाई वाजवणार मी."

"गोऱ्यांच्यापुढं वाजीवलीस की."

"ती माणसं तिकीट काढून माझं ऐकायला आलती."

"म्हंजी देवापरास तिकीट मोठं व्हय?"

प्रियंकानं आतल्या खोलीकडं बघितलं. उत्तर तिथं बसलं होतं, पारूबाई, भिंतीला टेकून. नानासो उठले. पेढे तिथंच ठेवले. दारात वळून मिलिंदला म्हणाले, "इचार करा. गाव चांगलं बोलतंय तवर इचार करा."

त्या संध्याकाळी प्रियंका मला घेऊन गच्चीवर गेली. मोबाईल कठड्याला टेकवून उभा केला, मला मांडीवर घेतलं आणि सगळं बोलली. हरिबा, चावडी, चुलीत घातलेली हलगी, बंद गिरणी, थोरल्या आजीचं गेलेलं मूल. 'रॉटरडॅमला मी मान हलवली. ती खोटी होती. माझ्या घराचा मान वाजवण्यात नाही, माझ्या पणजोबांनी वाजवायचं सोडलं त्यात आहे.' रडत रडत बोलली, आणि लगेच जगाला पाठवून दिलं.

तीन दिवसांत चाळीस लाख लोकांनी ते पाहिलं. शहरातल्या लोकांनी तिला वाघीण म्हटलं. दुसऱ्यांनी जे म्हटलं ते मी उच्चारणार नाही. हलगीलासुद्धा थोडी लाज असते.

गावात कुणी एक शब्द बोललं नाही. भांडण नाही, शिवी नाही. फक्त मोटारी यायच्या थांबल्या. भर उन्हाळा, उसाला पाणी पाजायचे दिवस, एरवी मिलिंदच्या दारात मोटारींची रांग लागायची. तो रोज सकाळी शटर उघडायचा, झाडायचा, तारेची रिळं पुसून ठेवायचा. एकदा एक जुना गिऱ्हाईक मोटारसायकलवर मोटार बांधून समोरनं गेला. "कुटं रं?" मिलिंदनं हाक मारली. "कडेगावला भाऊजीकडं," तो गाडी न थांबवता म्हणाला. जत्रा बँडवर झाली. ग्रामपंचायतीसमोरचा फलक उतरवला, आणि पुढं पावसाळ्याच्या तोंडाला तो कुणाच्या तरी कडब्याच्या गंजीवर झाकलेला दिसला. प्रियंकाचं हसतं तोंड आभाळाकडं करून.

धैर्यशीलनं तिला पुढच्या दौऱ्यातनं काढलं. एकाच ओळीचा निरोप पाठवला. सृष्टीचा फोन आला. ती रागावलेली होती आणि तिचा राग अगदीच चुकीचा नव्हता. "आम्हाला एकदा विचारायचंस तरी. गाणी आमची पण होती ना गं? आता लोक आमच्याच तोंडावर खोटारड्या म्हणतायत." क्रांती फोनवर नुसती रडली, आणि पुढच्या महिन्यात दोघी नवीन वाजवणारी घेऊन अमेरिकेला गेल्या. त्या नवीन पोरीच्या पोस्टरवर चौदा पिढ्या आहेत म्हणे.

हे सगळं प्रियंकानं सोसलं असतं. तिला वाटत होतं, आजी तरी आपल्या बाजूनं आहे. पण गच्चीवरच्या त्या संध्याकाळपासून पारूबाई तिच्याशी बोललेली नव्हती. एका सकाळी प्रियंकानंच विचारलं.

"आज्जी, मी खरं बोलले की. आता तरी..."

"माझ्या जावंचं सगळ्यास्नी सांगितलंस," पारूबाई म्हणाली. आवाज चढला नाही. "किती म्हनलास रं मिलिंद? चाळीस लाख. माझ्या जावंनं मरंस्तवर त्ये सोताच्या आईला सांगितलं न्हवतं. तिच्या पोटाचं दुखनं त्ये. मला ठावं हुतं, तिला ठावं हुतं."

"पण खरं हाय ना त्ये?"

"खरं हाय म्हणून तुझं झालं व्हय? तिकडं आमचं नाव घिऊन खोटं सांगितलंस, हितं आमचं नाव घिऊन खरं सांगितलंस. दोन्ही बारीला लोकांनी तुझ्याकडं बघून डोळं पुसलं. मी तुला येवढं एकच मागितलं हुतं, बाई."

 कानाखाली मारली असती तर प्रियंकाला बरं वाटलं असतं. मग ती आत गेली, बॅग भरली, आणि मला चादरीत न गुंडाळताच काखेत मारून एसटीनं मिरजेला आली.

"ह्ये ठेवा," तिनं यल्लाप्पाला सांगितलं. "विका न्हाईतर मोडा."

"का गं पोरी? खांदा दुखाय लागला?"

"व्हय."

यल्लाप्पानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि मला खिळ्याला टांगलं. ती सांगलीला गेली. एका कंपनीत नोकरी लागलीय, दवाखान्यांतली यंत्रं दुरुस्त करायची, असं यल्लाप्पा एका गिऱ्हाइकाला सांगत होता. मागं वळून बघितलं का तिनं? मला दिसलं नाही. मी खिळ्यावर भिंतीकडं तोंड करून होते.

दहा महिने गेले. पुन्हा चैत्र जवळ आला. एक दिवस बोळाच्या तोंडाशी पांढरी गाडी थांबली आणि नानासो उतरले. कमिटीला हलगी घ्यायची होती. बँडाचा कंटाळा आला म्हणाले, आता वाजवायला माणूसही ठरवलाय. दोन-चार हलग्या त्यांनी वाजवून बघितल्या. मग माझ्यावर हात पडला, मला उलटं केलं, आणि कड्यावर तांबड्या रंगानं लिहिलेलं 'ठसका' त्यांनी वाचलं. बराच वेळ वाचत राहिले. अक्षरं तीनच आहेत.

"हीच द्या," ते म्हणाले.

यल्लाप्पाला काय माहीत? त्यानं मला पुसलं आणि देऊन टाकलं.

वाजवणाऱ्याचं नाव धुळा. पन्नाशीचा, परगावचा, काळा, हडकुळा. हात चांगला होता त्याचा. जत्रेच्या दिवशी त्याला अनवाणी चालवलं. दुपारी बाराचं ऊन, नवा डांबरी रस्ता. देवळापासून निघताना लाऊडस्पीकरवर नानासोंचा आवाज आला. सात देश फिरून आलेली आपली हलगी, बारा पिढ्यांचा मान, देवाच्या चरणी परत आलीय. त्यांनी खोटं सांगितलं असं कसं म्हणू? ती ओळ आमचीच होती, आम्हीच तिकडनं आणली होती.

मी वाजले. खरं सांगते, चांगली वाजले. उन्हानं कातडं तापलेलं, धुळाचा हात पक्का. सत्तर वर्षांनी त्या गावात पालखीपुढं हलगी कडाडत होती आणि म्हातारी माणसं कान टवकारून बाहेर येत होती.

पालखी वस्तीच्या कोपऱ्यावर आली. मिलिंदच्या दुकानाचं शटर खाली होतं. दारात पारूबाई उभी होती, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. ती रस्त्यावर आली. नानासोंना वाटलं पालखीच्या पाया पडायला आली, त्यांनी हात करून वाट मोकळी केली. ती पालखीकडं गेलीच नाही. धुळासमोर येऊन थांबली. त्याच्या पायांकडं बघितलं, ते तापल्या रस्त्यावर धड टेकत नव्हते, नुसते वर उचलले जात होते. मग माझ्याकडं बघितलं. कड्यावरची तांबडी अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण तिनं मला ओळखलं.

"घे, पाणी पी लेका," ती धुळाला म्हणाली.

"थांबाय येत न्हाई, आज्जी," धुळा वाजवता वाजवताच म्हणाला. "पालखी मागनं येतीय."

"दोन घोट तर घे."

त्यानं मान हलवली. दोन्ही हात माझ्यात अडकलेले. मागनं भोई रेटत होते. तो पुढं सरकला, मीही त्याच्याबरोबर सरकले, आणि पारूबाई रस्त्याच्या कडेला तांब्या धरून उभी राहिली. कोपरा वळेपर्यंत मला ती दिसत होती. तिच्यामागं शटर, आणि शटरवर ऊन.

आता मी देवळाच्या मागच्या खोलीत असते. समया, सतरंज्या, फुटका लाऊडस्पीकर आणि मी. उंदरांनी एका कडेला कुरतडायला घेतलंय, आणि मी कुणाला सांगत नाही. कुरतडू देत. चैत्रात दार उघडेल, धुळा येईल, मला जाळावर शेकतील, आणि मी पुन्हा तशीच खणखणीत वाजेन. हरिबा नाही म्हणाले. प्रियंका, उशिरा का होईना, नाही म्हणाली. मला ते जमायचं नाही. ज्याचा हात पडेल त्याचं मी बोलते. माझ्या आवाजावर नाचलात तर नाचा. फक्त पालखीपुढं मी राजीखुशीनं वाजत होते असं कुठं लिहू नका.